बैलाचे दूध

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गावर मला एक बदली तास मिळाला. बाहेर धो धो पाऊस, वर्गात अंधार, आणि मुले धडा घेऊ देतील अशी चिन्हे नव्हती. अशा वेळी आम्हा शिक्षकांना अकबर-बिरबल उपयोगी पडतात. मी बैलाच्या दुधाची गोष्ट काढली. दरबारी मंडळी बादशहाचे कान भरतात आणि बादशहा बिरबलाला बैलाचे दूध आणायला फर्मावतो. बिरबल चिंतेत पडतो. त्याची चतुर मुलगी मध्यरात्री राजवाड्याच्या खिडकीखाली धुणे आपटायला बसते. 'एवढ्या रात्री धुणे कसले?' असे बादशहा विचारतो, तेव्हा ती म्हणते, 'आज माझे वडील बाळंत झाले.' 'पुरुष कधी बाळंत होतो का?' 'मग बैल कधी दूध देतो का?' मुले खूष होऊन हसली. गोष्ट कितीही जुनी झाली तरी ह्या ठिकाणी हसू येतेच.

हसणे ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरी चार जनावरे असलेला, हाताला शेणाचा वास येणारा मुलगा. म्हणाला, "सर, पण बैलाला पण सडं असत्यात. बारकी. मी बघितल्यात. दूध येत न्हाई, तर असत्यात कशाला?" वर्ग पुन्हा हसला, मुलींनी माना खाली घातल्या. आणि कुणीतरी दबक्या आवाजात पुरवणी जोडली, "बाप्यांना पण असत्यात की!"

मी डस्टर टेबलावर आपटले, "खाली बस" म्हणालो आणि शुद्धलेखन घालायला सुरुवात केली.

त्या मुलाचा प्रश्न वात्रट नव्हता. तो डोळ्यांनी पाहून विचारलेला प्रश्न होता, आणि तसा प्रश्न शाळेत वर्षातून एखाद वेळीच कानावर पडतो. त्याला मी गप्प बसवले, कारण मला उत्तर ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही असे म्हणण्याची लाज वाटली. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. शास्त्राची पुस्तके मी पुढे आपल्या हौसेने वाचली तेवढीच. घरी आल्यावर पुस्तके पुन्हा काढली, ओळखीच्या डॉक्टरांना छळले, आणि जे हाती लागले त्याने माझी झोप थोडी उडवली. ती का उडवली ते पुढे येईलच.

आधी त्या मुलाचे उत्तर. आईच्या पोटात गर्भ आकार घेऊ लागतो तेव्हा पहिले काही आठवडे मुलगा आणि मुलगी ह्यांचा आराखडा एकच असतो. छातीवरच्या त्या दोन जागा ह्याच काळात आखल्या जातात. मुलग्याच्या देहात वृषण घडू लागतात आणि त्यांतून टेस्टोस्टेरॉन पाझरू लागते ते त्यानंतर. घर बांधताना आधी सगळीकडे सारखाच पाया घातला, मग कुठल्या खोलीत चूल मांडायची ते ठरवले, तसा हा प्रकार. उंदराच्या नरात हे टेस्टोस्टेरॉन त्या जागाच पुसून टाकते. माणसात पुसत नाही, नुसते तिथले काम थांबवते. म्हणजे पुरुषाच्या छातीत दुग्धग्रंथीचे अंकुर आणि बारीक नळ्या असतात, त्वचेला संवेदना असते, रक्तपुरवठा असतो. नसते ती फक्त आज्ञा.

ही आज्ञा देणाऱ्या रसांना संप्रेरके म्हणतात. बोलताना आपण हार्मोन म्हणतो. स्त्रीला दिवस गेले की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोघे मिळून तिच्या स्तनातल्या ग्रंथींची बांधणी करतात. मौज अशी की बांधणी करणारे प्रोजेस्टेरॉनच दूध अडवूनही धरते. बाळंतपणात वार पडली की त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि मग दोनतीन दिवसांत दूध भरते. प्रत्यक्ष दूध तयार करवते ते प्रोलॅक्टिन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून येते. ह्या ग्रंथीला आपल्याकडे पीयूषिका असे नाव दिले आहे. पीयूष म्हणजे अमृत हे आपण जाणतोच. पण संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधालाही, म्हणजे आपण ज्याचा खरवस करतो त्या चिकालाही, पीयूष म्हणतात. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण नाव मोठे चपखल बसले! आणि चौथे ऑक्सिटोसिन: ते ग्रंथींभोवतीचे इवलेसे स्नायू आवळून दूध बाहेर लोटते. बाळ नुसते रडले तरी आईची चोळी भिजते ती ह्याच्यामुळे. आपण त्याला पान्हा म्हणतो. व्हिन्सेंट दू व्हिन्यो ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे ऑक्सिटोसिन 1953 साली प्रयोगशाळेत तयार केले आणि 1955 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रोलॅक्टिन पुरुषाच्या रक्तातही सदासर्वदा वाहात असते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात असते त्याहून थोडेसेच कमी. त्याला आवर घालणारे डोपामिन नावाचे द्रव्य मेंदूतून सतत झिरपत असते. हा लगाम ढिला पडला की प्रोलॅक्टिन उसळते. बाळ चोखू लागले की आईचा हा लगाम ढिला पडतो. पण तो इतर कारणांनीही पडतो. मनोविकारांवरची काही औषधे, उलटी थांबवण्याच्या काही साध्या गोळ्या, थायरॉइडची उणीव, पीयूषिकेवरची लहानशी गाठ, ह्यांपैकी कशानेही. अशा वेळी चांगल्या दाढीमिश्यांच्या गृहस्थाच्या छातीतून दूध आल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे. हे वाचून कुणी हसेल; पण ज्याला असे होईल त्याने लाजून सदरा झाकू नये, डॉक्टरकडे जावे. ती गाठ असेल तर बहुधा गोळ्यांनी आटोक्यात येते. लपवून ठेवली तर पुढे नजरेवर बेतू शकते.

आणि एका पुरुषाच्या छातीतले दूध तर आपल्या घराघरांतल्या बायकांनी पाहिलेले आहे! नुकत्या जन्मलेल्या बाळाची छाती कधीकधी सुजल्यासारखी दिसते आणि तिच्यातून दोन थेंब पांढरे येतात. मुलगी असो की मुलगा. आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांचा तो उतारा असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जिरतो. न्हाऊ घालणाऱ्या बाया 'वाईट दूध' म्हणून ते पिळून काढतात. ते मात्र करू देऊ नये. त्याने जखम होते, पू होतो. तेव्हा आपल्यातल्या कित्येक बापयांनी जन्मल्याबरोबर थोडेसे दूध दिलेले आहे. त्याचे आपल्याला स्मरण नाही, एवढेच.

पाखरांत तर ह्याचा कुणाला संकोचच नाही. आपल्या वळचणीला घुमणारा पारवा घ्या. त्याच्या पिलांना पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्याखालच्या अन्नपिशवीतून सायीसारखा दाट रस भरवतात. प्रोलॅक्टिन हे नाव 1930 नंतरच्या दोनचार वर्षांत रूढ झाले ते ह्या कबुतरांवरच्या प्रयोगांतून. ऑस्कर रिडल नावाच्या संशोधकाने ते दिले. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरणारे रोहित पक्षीही, आईबाप दोघे, पिलांना असाच रस पाजतात. माणसाच्या जवळचा दाखला हवा असेल तर मलेशियातल्या एका फलाहारी वटवाघळाचा आहे. 1994 साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की त्या जातीच्या जंगली नरांच्या स्तनांत दूध सापडले. मादीच्या मानाने अगदी थोडे, आणि नर पिलांना ते पाजतात असे काही त्यांना दिसले नव्हते. पण दूध होते. बोकडाला दूध येते ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकते, त्या बोकडाला हार घालून फोटोही काढतात. अ‍ॅरिस्टॉटलनेही अशा एका बोकडाची नोंद करून ठेवली आहे. बिरबलाच्या मुलीने बैलाऐवजी बोकड म्हटले असते तर बादशहाने तिला हरवले असते!

पण मला अडवून धरले ते एका माणसाने. फ्रान्सिस्को लोझानो हे त्याचे नाव. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी 1799 साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या व्हेनेझुएलात, हिंडत होता. तिथल्या आरेनास नावाच्या खेड्यातला हा लोझानो एक कष्टकरी शेतकरी. त्याची बायको आजारी पडली, तान्हे मूल रडून आकांत करू लागले, तेव्हा त्याने ते आपल्या बिछान्यात घेतले आणि उगी करायला उघड्या छातीशी धरले. मूल चोखू लागले. बत्तीस वर्षांच्या त्या माणसाला काही दिवसांत दूध आले; दाट आणि गोड. पाच महिने तो दिवसातून दोनतीनदा मुलाला पाजत होता. हुम्बोल्ट गावात गेला तेव्हा लोझानो नव्हता. पण पुढे तो कुमाना शहरी त्याला भेटायला आला, बरोबर तोच मुलगा, तेरा-चौदा वर्षांचा झालेला. हुम्बोल्टचा सोबती बोंप्लां ह्याने लोझानोची छाती तपासून पाहिली. मूल पाजलेल्या बाईसारखी ती सुरकुतलेली होती. हुम्बोल्ट आणखी एक बारीक गोष्ट नमूद करतो, आणि मला ती फार आवडली. युरोपात एखाद्याने ह्याचा खेळ मांडून पैसे केले असते; लोझानोच्या ते मनातही आले नाही.

नुसत्या चोखण्याने पुरुषाला पोटभर दूध येते, असे मात्र समजू नये. लोझानोसारखे दाखले अगदी विरळा. 2002 साली श्रीलंकेतून अशीच एक बातमी आली होती, बायको बाळंतपणात गेलेल्या एका बापाची. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीच्या छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांत पुरुषांची छाती वाढल्याचे आणि काहींना दूध आल्याचे दिसले. उपासाने यकृत आणि ग्रंथी दोन्ही थकतात, अन्न मिळाल्यावर ग्रंथी लवकर सावरतात आणि यकृत मागे राहते, आणि अंगातले इस्ट्रोजेन निपटून काढण्याचे काम यकृताचे असल्यामुळे ते साठत जाते. 2018 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक हकीगत प्रसिद्ध केली. जन्माने पुरुषदेह मिळालेली, पण कित्येक वर्षे संप्रेरके घेऊन स्त्री म्हणून जगणारी एक व्यक्ती. तिच्या जोडीदारणीला मूल होणार होते, पण तिला पाजायचे नव्हते. हिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेतली, पंप लावला, आणि बाळाला पहिले सहा आठवडे केवळ आपल्या दुधावर वाढवले. तिला पुरुष म्हणणे मला बरोबर वाटत नाही. पण देहाच्या शक्याशक्यतेचा प्रश्न तिने निकालात काढला, हे खरे. (ती औषधे हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करू शकतात, कुणी घरच्या घरी प्रयोग करू नये.)

इथपर्यंत शास्त्र. आता माझ्या झोपेविषयी.

ज्यूंच्या तालमूद ह्या प्राचीन ग्रंथात एक कथा आहे. एका गरिबाची बायको तान्हे मूल मागे ठेवून मेली. दाई ठेवायला त्याच्याजवळ पैसा नव्हता. तेव्हा चमत्कार झाला, त्याला स्त्रीसारखे स्तन फुटले आणि त्याने मुलाला पाजले. आपल्याकडे अशी कथा असती तर आपण इथे हात जोडून थांबलो असतो. पण तिथले पंडित वाद घालतात. रव्ह योसेफ म्हणतो, केवढा थोर हा माणूस, की ह्याच्यासाठी असा चमत्कार घडावा! अबये म्हणतो, छे, केवढा हीन हा माणूस, की ह्याच्यासाठी सृष्टीचा क्रम बदलावा लागला! तिसरा रव्ह यहुदा दोघांनाही बाजूला सारतो: पाहा, माणसाचे पोट भरणे किती अवघड आहे, की त्यासाठी सृष्टीचा क्रम बदलावा लागतो.

अबयेचे म्हणणे पहिल्यांदा वाचले तेव्हा राग आला. मग कळले की हा अबये आपल्या सगळ्यांच्या घरात राहतो. पुरुषाने बायकी काम केले की आपल्या तोंडून तोच बोलतो. पुरुषाला दूध फुटले ह्यात त्याला करुणा दिसत नाही, पाणउतारा दिसतो. आणि ह्या पाणउताऱ्याच्या भीतीला आपण 'निसर्ग' असे भारदस्त नाव दिले आहे.

आपल्या महाभारतात युवनाश्व राजाची कथा आहे. पुत्रासाठी मंतरलेले पाणी राणीने प्यायचे, ते तहानलेल्या राजानेच रात्री पिऊन टाकले. त्याला गर्भ राहिला आणि कूस फुटून मुलगा झाला. आता हा काय पिणार, असा देवांना प्रश्न पडला. तेव्हा इंद्राने आपली तर्जनी त्या बाळाच्या तोंडात दिली, 'हा मला पिईल' अशा अर्थाचे काही म्हणाला, आणि त्यावरून मुलाचे नाव मांधाता पडले. मला ह्या कथेची नेहमी गंमत वाटते. कथा रचणाऱ्याने राजाला बाळंत केले, त्याची कूस फाडली, एवढे अघटित घडवले; पण त्याला दूध द्यायला त्याची लेखणी धजावली नाही. तिथे इंद्राचे बोट आणावे लागले. प्रसव एकदाचा असतो, तो दैवाने घडला म्हणता येतो. पाजणे दर तीन तासांनी असते. ते दैवावर ढकलता येत नाही.

उलट आमचे वारकरी पाहा. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाला ते विठाई म्हणतात, ज्ञानोबांना माउली म्हणतात, आणि वारीच्या वाटेवर पिळदार मिशीचे शेतकरी एकमेकांना 'माउली, जरा सरका' म्हणतात. कुणाला त्यात हीनपणा वाटत नाही. मात्र तेच माउली घरी परतले की रडणारे मूल सुनेच्या हाती देतात! पुरुषाच्या आईपणाला आपण देव्हाऱ्यात जागा दिली आहे, माजघरात नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत असलो तर सोपे होते. माझी मुलगी तान्ही होती तेव्हा रात्री तीनतीनदा उठायची. माझी बायको अंथरुणात उठून बसे आणि म्हणे, "अहो, तुम्ही झोपा. तुम्हाला सकाळी शाळा आहे." मी झोपत असे. एकदा तिने बसल्याबसल्या डुलकी घेतली आणि मूल मांडीवरून घसरता घसरता राहिले. तेव्हा तिला मी जे बोललो ते मला अजून आठवते: "मी उठून तरी काय करणार? मला काय पान्हा फुटणार आहे?" ती काही बोलली नाही. त्या वर्षी मी एक कादंबरी पुरी केली. आईच्या मायेवर तिच्यात दोन प्रकरणे आहेत. वाचकांची पत्रेही आली.

माझ्या वाक्यात काय खोटे होते? देहाविषयी तर ते जवळजवळ खरेच होते. मला पान्हा फुटला नसता. पण 'मला दूध नाही' ह्यावरून 'मला उठणे नाही' हे कुठून निघाले? पाजल्यावर ढेकर काढायला दूध लागत नाही. दुपटे बदलायला, फेऱ्या घालायला, बायकोच्या पाठीशी तक्क्या सरकवायला, तिला तांब्याभर पाणी द्यायला कुठले संप्रेरक लागते? एका गोष्टीच्या अशक्यतेआड मी दहा शक्य गोष्टी लपवल्या. निसर्गाने एकच दार बंद केले होते. बाकीची मी आतून लावून घेतली आणि कडीला निसर्गाचे नाव दिले.

आणि निसर्गही मला म्हणावा तसा पाठीशी घालत नाही, हे आता कळते. 2000 साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले की बायकोचे दिवस भरत आले की होणाऱ्या बापाच्या रक्तातही प्रोलॅक्टिन वाढते. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे सहाशेहून अधिक तरुणांचे रक्त काही वर्षांच्या अंतराने तपासले. 2011 साली त्याचे निष्कर्ष आले. बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले होते, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक मुलाचे करत त्यांचे अधिक उतरलेले होते. मूल हातात घेतल्याने बापाचा देह बदलतो. न घेणाऱ्याचा फारसा बदलत नाही, आणि मग तो म्हणतो, मला निसर्गाने असेच घडवले! मध्य आफ्रिकेतल्या अरण्यात अका नावाचे लोक राहतात. त्यांच्यातले बाप तान्ह्या मुलांच्या इतके जवळ असतात की त्यांच्यावर संशोधन करणाऱ्या बॅरी ह्यूलेटने काढलेल्या हिशोबात दिवसाचा निम्म्याच्या आसपास वेळ मूल बापाच्या कुशीत किंवा हाताच्या अंतरावर भरला. आई नसली आणि मूल रडले तर ते बाप आपली छाती त्याच्या तोंडात देतात. दूध नसते. मूल उगी राहते.

हा मजकूर मी बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे आता हेही तुम्हीच करणार म्हणा की. आणि मग हार घालून फोटो तुमचे!" हा टोला मला लागला. खरेच आहे. बाईने वर्षभर पाजले तर त्याची बातमी होत नाही. लोझानोने पाच महिने पाजले, त्याचे प्रमाणपत्र झाले आणि आज सव्वादोनशे वर्षांनी मी त्याच्यावर लिहितो आहे. हिरकणी मात्र कडा उतरून आली तेव्हा कुठे तिच्या नावाचा बुरूज झाला. साधे अंगण ओलांडून धावत येणाऱ्या हजारो जणींचे काही झाले नाही. आणि वर्गात इतकी वर्षे हिरकणीची गोष्ट सांगताना, त्या रात्री त्या बाळाला उगी करायला दुसरे कुणी का नव्हते, हे मी एकदाही विचारले नाही. आज एस. टी. स्टँडांवर हिरकणी कक्ष आहेत, हे चांगले झाले. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली. कुणाच्या तरी आईचे दूध दुसऱ्याच कुणाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळते. दूध ही रक्ताच्या नात्यापलीकडे देता येण्याजोगी वस्तू आहे, हे बायकांनी केव्हाच दाखवून दिले. आमच्यापाशी द्यायला दूध नाही, ही तक्रार इतक्या उशिरा करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो. त्या मुलाचा प्रश्न वर्गात ऐकला तेव्हा मी डस्टर आपटले ते अज्ञानामुळे, असे वर म्हटले. ते अर्धेच खरे आहे.

1988 साली माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तीन आठवड्यांत आईला ताप भरला आणि तिला तालुक्याच्या गावी दवाखान्यात ठेवावे लागले. दिवसा शेजारच्या काकू आपल्या बाळाबरोबर त्यालाही पाजत. रात्री आजी बोंडल्याने गाईचे पातळ दूध घाली, पण ते त्याच्या अंगी लागेना. एका रात्री त्याच्या रडण्याने मी जागा झालो. ते रडणे थांबले म्हणून मान वळवून पाहिले. कंदिलाच्या उजेडात अण्णा भिंतीला टेकून बसले होते. बंडीच्या गुंड्या सोडलेल्या, आणि मूल त्यांच्या छातीशी. ते चोखत होते. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. वेदनेने की काय, मला कळले नाही. तेवढ्यात आत्या पाणी प्यायला उठली. तिने पाहिले आणि ती तोंडावर पदर घेऊन हसली. "अगं बाई! दादा, हे काय वं?" अण्णांनी झटक्याने मूल बाजूला केले, ते किंचाळू लागले, आणि अण्णा गुंड्या न लावताच परड्याकडे निघून गेले.

आमच्या घरात हा प्रसंग पुन्हा कधी निघाला नाही. आत्याही वाईट बाई नव्हती. तिने तो गावभर केला नाही. पण माझ्या मनात वडिलांविषयी एक शरम राहिली. मोठेपणी मी तिला विसरलो होतो, असे मला वाटत होते. माझ्या मुलीच्या वेळी मी जे वाक्य बोललो, त्यामागे ती कंदिलाची रात्र होती का? असेल. नक्की सांगता येत नाही. मनाच्या ह्या कोपऱ्यात माणूस स्वतःलाही सोयीची साक्ष देतो.

एक प्रश्न मला ह्यातही छळत होता. दूध नसलेली छाती बाळाच्या तोंडात देणे ही फसवणूक नाही का? भुकेल्याला रिकामे ताट वाढावे, तसे? बराच विचार केल्यावर माझे उत्तर असे की, ताटाची उपमाच चुकीची आहे. बाळ आईलाही केवळ अन्नासाठी चोखत नाही. पोट भरल्यावरही ते तसेच धरून राहते. त्याला ऊब हवी असते, ठोके ऐकायचे असतात, आपण एकटे नाही ही खात्री हवी असते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. ती जगली. आज जगभर, आपल्याकडेही, डॉक्टर हेच सांगतात, आणि आई आजारी असेल तर बापाला शर्ट काढून बसवतात. माझ्या वडिलांनी त्या रात्री जे दिले त्यात अन्न सोडून बाकी सगळे होते.

गणपतीत गावी गेलो तेव्हा धीर करून विषय काढला. अण्णा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. ओट्यावर दोऱ्या वळत बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, आई दवाखान्यात होती तेव्हा बाळाला रात्री तुम्ही घ्यायचा. मी पाहिलं होतं."

त्यांचे हात थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दूध न्हवतं रं. नुसतंच."

"माहीत आहे."

"आत्यानं बघितलं तवा लई लाज वाटली. पण पोर ऱ्हाईना. मग परड्यात घिऊन बसाय लागलो. आठ-धा राती."

हे मला नवीन होते. मी समजत होतो, त्या रात्रीनंतर त्यांनी सोडून दिले.

मी त्यांना लोझानोची गोष्ट सांगितली. दूर देशातला शेतकरी, आजारी बायको, रडणारे मूल, मग छातीला आलेले दूध, पाच महिने पाजणे, साहेबाने लिहून ठेवणे, सगळे. त्यांनी दोरी खाली ठेवून ऐकले. मला वाटले, दुधाचे काही विचारतील.

"आन् बायको?" त्यांनी विचारले. "बरी झाली का त्याची बायको?"

ते पान मी चार वेळा तरी वाचले होते.